लाल स्लेज आणि विस्मृतीचे सुख

किशोरांसाठीचे साहित्य म्हणजे चार घटका करमणूक आणि शेवटी बोध, असा समज आपल्याकडे रूढ आहे. लॉइस लॉरी या अमेरिकन लेखिकेच्या ‘द गिव्हर’ (१९९३) या कादंबरीने तो खोटा ठरवला. १९९४ साली न्यूबेरी पदकाचा मान मिळवणारे हे पुस्तक त्याच दशकात अमेरिकेतील शाळा-ग्रंथालयांत वारंवार आक्षेपांचेही धनी झाले, हे लक्षणीय आहे.

कादंबरीतील समाजात भूक नाही, युद्ध नाही. तसेच रंग नाहीत, डोंगर नाहीत आणि गतकाळही नाही. साऱ्या पूर्वस्मृती एका वृद्धाच्या स्वाधीन करून इतरेजन निश्चिंत झाले आहेत. बारा वर्षांच्या जोनासची त्याचा वारस म्हणून निवड होते.

झेलाझेली करताना जोनासला सफरचंदात क्षणभर दिसलेला लाल रंग ही पहिली ठिणगी. ज्ञानवृक्षाच्या फळाशी त्याचे नाते जोडले जाते, ते योग्यच आहे. तथापि माझ्या मते या कादंबरीचा कणा आहे तो बर्फावरून घसरत जाणारी लाल स्लेज. वृद्धाकडून जोनासला मिळणारी पहिली स्मृती तिचीच, निखळ आनंदाची. पुढे तीच स्लेज उलटते आणि त्याला मोडलेल्या पायाच्या वेदनेची स्मृती मिळते. अखेरच्या पानांवर ती पुन्हा अवतरते. एकाच वस्तूच्या ठायी सुख आणि दुःख नांदतात. एक नाकारले की दुसरेही हरपते. ‘स्लेज म्हणजे स्वातंत्र्य’ असे उत्तर वहीत उतरवून घेणाऱ्या शिक्षकांच्या हाती यातले निम्मेच लागते.

याहून भेदक प्रतीक आहे ते एका शब्दाचे. नकोशा जीवांना तेथे ‘सोडले’ जाते. आपण जिला ‘मुक्ती’ म्हणू, तसा हा सोज्ज्वळ शब्द. जोनासचा वत्सल पिता जुळ्यांपैकी कमी वजनाच्या अर्भकाला सुई टोचून ठार करतो, तेव्हा त्याच्या मनात क्रौर्याचा लवलेशही नसतो. मृत्यू म्हणजे काय, याची स्मृतीच त्याच्यापाशी उरलेली नाही. स्मृती गेली की करुणाही जाते, हे लेखिकेने एकही उपदेश न करता दाखवले आहे.

हा प्रसंग कोवळ्या वयाला झेपेल काय, ही पालकांची शंका अनाठायी नाही. कोणत्या वयात हे पुस्तक हाती द्यावे, याचा विवेक त्यांनी अवश्य करावा. परंतु दुःखाची ओळखच नको म्हणून पुस्तक कपाटाबाहेर काढायचे, तर ती त्या समाजातील वडीलधाऱ्यांचीच रीत झाली. त्यांच्या घरांतही नियमांच्या आणि संदर्भाच्या पोथ्यांखेरीज ग्रंथ नव्हते; तेथे सर्व ग्रंथ एकट्या स्मृतिधारकाच्या दालनात बंदिस्त होते.

मुलांना दुःखापासून जपताना आपण त्यांना करुणेपासून तर वंचित करत नाही ना, याचा विचार प्रत्येक घराने करावयास हवा.