भंगाराचा भाव आणि माणसाचे मोल

१/८ विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आणि जुन्या बॅटरीतून नवी बॅटरी घडवण्याची चर्चा सुरू झाली. ही कल्पना नवी मानली जाते. वास्तविक शिशाच्या बॅटरीबाबत ती अनेक पिढ्या व्यवहारात आहे आणि तिचा इतिहास निखळ अभिमानाचा नाही.

२/८ १८५९ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी शिशाचे दोन पत्रे एकत्र गुंडाळून सौम्य गंधकाम्लात बुडवले. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी ही पहिली बॅटरी. १८८१ साली कामीय फोर यांनी पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप दिला, आणि तिचे कारखान्यातील उत्पादन सुकर झाले.

३/८ शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. कितीही वेळा शुद्ध केले तरी त्याचे गुण घटत नाहीत. म्हणूनच जुनी बॅटरी दिली की दुकानदार नवीच्या किमतीत सूट देतो. या चक्राला गती दिली ती बाजारभावाने. पर्यावरणाची आस्था नंतर आली.

४/८ बाजारभाव मात्र माणसाची गणती करत नाही. सेनेगलमधील डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर येथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढले जाई. शिशाचा भाव वाढताच लोक तिथली माती घरी नेऊन चाळू लागले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तिथे १८ बालके शिशाच्या विषबाधेने दगावली.

५/८ १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. अशा बॅटऱ्या दळून काळी भुकटी मिळते; ती आम्लात विरघळवून कोबाल्ट, निकेल आणि लिथियम वेगळे करता येतात. त्यांपासून नव्या बॅटरीचे साहित्य बनते.

६/८ कोबाल्ट महाग, म्हणून तो काढणे परवडते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीत मात्र कोबाल्टही नसतो आणि निकेलही नसते. भंगारवाल्याला तिच्यात फारसे हशील नाही. केवळ बाजारावर विसंबले, तर ती कचऱ्यात जाण्याचा धोका मोठा.

७/८ येथे कायद्याची गरज भासते. भारतात २००१ साली शिशाच्या बॅटऱ्यांसाठी नियम आले. २०२२ च्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार २०३१ पर्यंत जुन्या बॅटरीतील ८० टक्के लिथियम परत मिळवणे बंधनकारक आहे.

८/८ ही सारी उद्दिष्टे धातूच्या वजनात आणि टक्क्यांत मोजली जातात. भट्टीपाशी उभ्या असलेल्या मजुराच्या रक्तात किती शिसे उतरले, हे त्या आकड्यांत दिसत नाही. भाव नसेल तिथे धातू परत आणण्यासाठी कायदा हवा. भाव असेल तिथे माणूस वाचवण्यासाठी तो अधिकच हवा. थियारॉयचा धडा एवढाच आहे, आणि तो शिकण्याची किंमत १८ बालकांनी आधीच मोजली आहे.