राखीव जागांना कुलूप कोणी लावले?

संविधानाच्या कलम २४३-यू नुसार नगरपालिकेची मुदत पाच वर्षे; ती संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक. तरीही २०१६ ला निवडलेल्या विटा नगरपरिषदेची पुढची निवडणूक उजाडली ती सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०२५ च्या आदेशानंतर, डिसेंबर २०२५ मध्ये. दरम्यान प्रशासकाचे राज्य!

कारण सांगितले ओबीसी आरक्षणाच्या वादाचे. पण अनुसूचित जातींच्या राखीव जागांचा वाद नव्हताच. त्याही रिकाम्या राहिल्या. मग दलित वस्तीने गटार-पाण्याचा जाब कोणाला विचारायचा?

सभागृहाची ताकद आम्ही जाणतो. महाड नगरपालिकेने १९२४ ला चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला आणि ऑगस्ट १९२७ मध्ये तोच फिरवला. म्हणूनच राखीव जागेवरच्या नगरसेवकांना आमचा सवाल आहे : तुम्ही गटाचे की समाजाचे?