निकिता: जिंकणाऱ्याचे नाव

निकिता म्हटले की आपल्याला शाळेच्या हजेरीपटावरची मुलगी आठवते. त्यामुळे सोव्हिएत नेता निकिता ख्रुश्चेव याचे नाव पहिल्यांदा वाचणारा मराठी माणूस क्षणभर अडखळतोच. नाव मात्र अस्सल पुरुषी. मूळ ग्रीक निकेतस. निके म्हणजे विजय आणि निकेतस म्हणजे जिंकणारा. ९८८च्या सुमारास कीव्हच्या व्लादिमीरने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा बायझंटाइन चर्चकडून संतांचे पंचांग आले आणि त्याबरोबर ही नावेही आली. वाटेत शेवटचा ‘स’ गळला, ‘आ’ उरला. इल्या, फोमा, कुझ्मा ही याच घरातली भावंडे. रशियन व्याकरणात निकिता स्त्रीलिंगी नामासारखा चालतो, विशेषण मात्र पुल्लिंगी घेतो. घोडा, आंबा, वाडा म्हणणाऱ्यांना खरे तर याचे नवल वाटायला नको.

ग्रीकमध्ये अनिकेतोस हे वेगळे नाव आहे: अजिंक्य. आपला अनिकेत म्हणजे ज्याला घर नाही तो. नकाराचा ‘अ’ दोन्हीकडे एकाच आदिम भाषेतून आला. पुढचे साम्य निव्वळ योगायोग. नावांच्या याद्यांत या नावांची खुशाल खिचडी होते. पण शब्दकोशातला अर्थ तरी किती पुरतो? ‘विजयी’ एवढे सांगून निकिताबद्दल काहीच सांगितले जात नाही.

ज्या संतावरून हे नाव रुजले तो गॉथ निकिता इ. स. ३७२मध्ये धर्मासाठी जाळला गेला. मध्ययुगीन रशियातल्या साध्या माणसाला मात्र हरलेला संत पुरेना. त्याने एका अनधिकृत कथेतला निकिता उचलला: सैतानाची मान पकडून त्याला बेड्यांनी बडवणारा. त्याचे नावच पडले बेसोगोन, भुते पळवणारा. त्याच्या तांब्याच्या छोट्या ओतीव प्रतिमा ताइतासारख्या गळ्यात घातल्या जात.

लोककथेतला निकिता कोझेम्याका तर कातडी कमावणारा. एकावर एक ठेवलेली बारा कातडी रागाच्या भरात फाडून टाकणारा हा गडी नागासुराला तीनशे पुडांच्या, म्हणजे जवळपास पाच टनांच्या नांगराला जुंपतो आणि कीव्हपासून समुद्रापर्यंत तास पाडतो. काम झाल्यावर काहीही न घेता पुन्हा कातडी तुडवायला बसतो. राजकन्या आणि अर्धे राज्य ठरलेले असलेल्या कथांच्या गर्दीत हा शेवट मला फार मोलाचा वाटतो.

पंधराव्या शतकात अशाच कुणा निकिताचा मुलगा आपल्या किनाऱ्याला लागला. त्वेरचा व्यापारी अफनासी निकितिन, म्हणजे निकिताचा अफनासी. चौलला उतरून तो जुन्नरला गेला, तिथे पावसाळा काढला. विकायला आणलेला घोडा तिथल्या खानाने हिसकावला आणि धर्म बदल म्हणाला. एका खुरासानी ख्वाजाच्या रदबदलीने घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. त्या काळी रशियातल्या सामान्य माणसाला वडिलांच्या नावापलीकडे आडनाव नसे, म्हणून तो नुसता निकितिन.

बड्यांकडेही हे नाव होते. इव्हान द टेरिबलचा मेहुणा निकिता रोमानोविच; त्याचा नातू मिखाईल १६१३मध्ये झार झाला आणि रोमानोव्ह घराणे सुरू झाले. झार पीटर द ग्रेटच्या काळात तुळाचा लोहार निकिता देमिदोव्ह उरलच्या लोखंडाचा धनी झाला. आणि १६८२मध्ये जुन्या पंथाचा पाद्री निकिता दोब्रीनिन क्रेमलिनमध्ये भर दरबारात धर्माधिकाऱ्यांशी वाद घालून, आपणच जिंकलो म्हणत बाहेर पडला. काही दिवसांत त्याचे डोके उडवले गेले.

पुढे नावाचा दर्जा घसरला. निकिता मुराव्योव्हसारखा झारशाहीविरुद्ध उठलेला डिसेंब्रिस्ट सरदार होता खरा, पण एकोणिसाव्या शतकाच्या साहित्यात निकिता भेटतो तो हाताखालचा माणूस म्हणून. टॉलस्टॉयच्या ‘मालक आणि नोकर’मधला गडी निकिता, चेकॉव्हच्या ‘वॉर्ड नंबर सहा’मधला रुग्णांना ठोकणारा पहारेकरी निकिता. प्रत्यक्षातही तेच: १८३७मध्ये द्वंद्वात जखमी झालेल्या पुश्किनला गाडीतून दोन्ही हातांवर उचलून घरात नेले ते निकिता कोझ्लोव्ह या चाकराने. इतिहास त्याला तेवढ्यापुरताच ओळखतो.

१८९४मध्ये कालिनोव्काच्या शेतकरी घरात जन्मलेल्या ख्रुश्चेवला हेच गावठी नाव मिळाले आणि ते क्रेमलिनपर्यंत गेले. विसाव्या शतकाच्या अखेरीस शहरी रशियन आईबापांनी ते पुन्हा आवडीने उचलले, त्यात ख्रुश्चेवचा वाटा फारसा नसावा. त्याला तर १९६४मध्ये सहकाऱ्यांनीच खाली खेचले होते. १९७१मध्ये तो वारला तेव्हा क्रेमलिनच्या भिंतीशी जागा मिळाली नाही, नोव्होदेविची दफनभूमीत पुरले. थडगे घडवले ते एर्न्स्ट नेइझ्वेस्त्नी या शिल्पकाराने. याच कलावंतावर ख्रुश्चेवने १९६२मध्ये मानेझच्या प्रदर्शनात तोंडसुख घेतले होते. अर्धा काळा, अर्धा पांढरा दगड, मधे मस्तक. नेइझ्वेस्त्नी या आडनावाचा रशियन भाषेत अर्थ अज्ञात.