क्वीनची एलपी घ्यावी की रिमास्टर्ड संग्रह? आधी मिनिटं मोजा

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथल्याच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये पियानो वाजवायचा. त्यामुळे ‘क्वीन’ हा बँड आपल्याकडे जरा घरचाच वाटतो. पण नवा रेकॉर्ड प्लेयर घेतला, की पहिला प्रश्न पडतो तो हाच: जुनी तबकडी घ्यायची की रिमास्टर्ड संग्रह?

‘जुनं ते अस्सल’ हे उत्तर इथे पुरत नाही.

एलपीच्या एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटं मोकळेपणाने बसतात. वेळ वाढला की खाचा दाटीवाटीने कोराव्या लागतात, आवाजाची पातळी उतरते आणि बास आखडतो. १९८१ च्या ब्रिटिश ‘ग्रेटेस्ट हिट्स’मध्ये १७ गाणी, जवळपास ५८ मिनिटं, एकाच तबकडीवर आहेत. म्हणजे एका बाजूला सुमारे २९ मिनिटं! उलट १९७५ चा ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ ४३ मिनिटांत आटोपतो.

गंमत पुढे आहे. सुई तबकडीच्या मध्याकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचा वेग निम्म्याच्या आसपास येतो आणि बारीक तपशील खरखरीत होतात. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ मूळ अल्बमवर शेवटून दुसरं आहे, म्हणजे नेमकं या अडचणीच्या जागी. संग्रहात मात्र ते पहिलंच, सर्वांत बाहेरच्या वळणावर. एका गाण्यापुरता संग्रह जिंकतो, बाकी तासभर हरतो.

मग रिमास्टर? २०११ मध्ये बॉब लुडविग यांनी क्वीनचे अल्बम नव्याने मास्टर केले. २०१५ चा रंगीत तबकड्यांचा संचही त्याच डिजिटल मास्टरवरून, अ‍ॅबी रोड स्टुडिओत अर्ध्या वेगाने कोरलेला आहे. त्यामुळे नवी तबकडी ‘शंभर टक्के अ‍ॅनालॉग’ समजून जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या तबकड्यांतही डिजिटल टप्पा असल्याचं उघड झालं आणि प्रकरण कोर्टात गेलं.

तेव्हा संग्रह फोनवर ऐका, पैसे एखाद्या पूर्ण अल्बमवर खर्च करा. संग्रहच हवा असेल, तर गाणी दोन तबकड्यांवर पसरलेली आवृत्ती शोधा.

जुनं हवं असेल, तर नवीन पनवेलकरांसाठी चोरबाजार फार दूर नाही. हार्बर लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरायचं. तबकडी मोबाइलच्या टॉर्चखाली तिरपी धरून बघा. वरवरची धूळ पुसता येते, पण नखाला लागणारा ओरखडा जात नाही. कव्हरपेक्षा तबकडी बघा, विक्रेता बहुतेक वेळा कव्हरचीच किंमत सांगतो.

आणि घरी आणल्यावर ती आडवी रचू नका. उभी ठेवा, भिंतीपासून थोडी लांब. आपल्याकडच्या पावसाळ्यात पहिली बुरशी कव्हरलाच धरते.