सौदीत ईद आज, महाडमध्ये उद्या: चंद्र एकच, मग तारखा दोन का?

रमजान संपत आला की महाड-पोलादपूरच्या घरांत आखातातून ‘ईद मुबारक’चे मेसेज येतात. इथे मात्र बहुतेकदा दुसऱ्या दिवशीही रोजा असतो. अमावस्या कधी संपते हे सेकंदापर्यंत आधीच काढता येतं, मग आकाशाकडे बघत का बसायचं?

आधी भूगोल. मक्केत सूर्य महाडपेक्षा साधारण सव्वादोन तास उशिरा मावळतो. तेवढ्यात चंद्र सूर्यापासून आणखी एक अंशाहून जास्त सरकतो. बारीक कोरीसाठी तेवढाही फरक मोठा. त्यात महाडभोवती डोंगर. अर्थात सौदीतल्या काही साक्षींवरही खगोल अभ्यासक शंका घेतात.

आता धर्मग्रंथ. हदीसनुसार चंद्र पाहून रोजे सुरू करायचे आणि पाहूनच सोडायचे. ढग असतील तर महिना ३० दिवसांचा धरायचा. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. या परंपरेत दूरच्या प्रदेशात दिसलेला चंद्र इथे लागू होत नाही. त्यामागे एक जुनी हदीस आहे: सीरियात चंद्र एक रात्र आधी दिसल्याची बातमी मदिनेत आली, तरी इब्न अब्बास यांनी ती मदिनेसाठी मानली नाही.

म्हणजे गणित वर्ज्य आहे का? मुळीच नाही. असरच्या नमाजाची वेळ सावलीच्या लांबीवरून ठरते, पण आज काठी रोवून सावली कोण मोजतं? मशिदीतलं छापील वेळापत्रक गणितानेच बनतं. यावर पारंपरिक उलेमांचं उत्तर असं: नमाजासाठी वेळ होणं पुरेसं, रोजासाठी मात्र ‘पाहणं’ हीच अट आहे.

तुर्कस्तान गणितावर चालतो. उत्तर अमेरिकेच्या फिकह कौन्सिलनेही २००६ मध्ये तोच मार्ग धरला. पण मधली वाट शाफई परंपरेतच आहे, आणि तीच जास्त पटते. १४ व्या शतकातले दमास्कसचे काझी तकीउद्दीन सुबकी शाफईच होते. चंद्र दिसणं अशक्य आहे असं गणित ठामपणे सांगत असेल, तर ‘मी पाहिला’ ही साक्ष फेटाळावी, असं त्यांचं मत होतं. म्हणजे डोळ्याची अट कायम, फक्त चुकीची साक्ष गाळली जाते. सूर्याआधीच चंद्र मावळला असेल, तर तो कुणाला दिसणार?

हिजरी वर्ष दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतं. २०४० नंतर रमजान पुन्हा पावसाळ्यात येऊ लागेल. तेव्हा पोलादपूरच्या ढगांत कोर सापडणं कठीण. ३० दिवस पुरे करायचे की कोरड्या आकाशाच्या गावाची साक्ष मानायची, हा वाद आणखी तापेल.