घाईचा दाणा

रायगडच्या किनाऱ्याला स्फटिकाचे शास्त्र नवे नाही. उरण-पेणच्या मिठागरांत कोंडून घेतलेले खारे पाणी उन्हाने आटत जाते आणि मीठ दाणा धरते. उरलेले कडवट पाणी वेळीच काढून टाकले नाही, तर मॅग्नेशियमचे क्षार त्या दाण्यावर बसून मीठ कडू व ओलसर होते, हे मिठागरवाल्यास कोणा प्रयोगशाळेने शिकविलेले नाही. याच जिल्ह्यात, तळ्याच्या शेजारी रोह्याजवळ धाटावला आणि दक्षिणेस महाडला, रसायनांच्या व औषधद्रव्यांच्या कारखान्यांच्या वसाहती उभ्या आहेत. तेथेही पुष्कळ मालाच्या बाबतीत शेवटचे निर्णायक काम तेच असते: द्रावणातून शुद्ध दाणा वेगळा काढणे. मात्र मिठागरातील सबुरी कारखान्याच्या फाटकाबाहेरच राहते, असे खेदाने म्हणावे लागते.

गरम द्रावण थंड होऊ लागले की त्यातील पदार्थ विरघळून राहण्याच्या मर्यादेपलीकडे जातो; त्यास अतिसंपृक्त अवस्था म्हणतात. ती हलकेच गाठून योग्य क्षणी थोडे बारीक स्फटिक बीज म्हणून सोडले, तर नवा पदार्थ त्या बीजांवर चढतो आणि दाणा एकसारखा वाढतो. उलट जॅकेटमध्ये एकदम बर्फगार ब्राइन सोडले, की असंख्य सूक्ष्म कण एकाच वेळी जन्मतात. येथेच नेहमीची चूक होते. आपोआप थंड होणारे द्रावण आरंभी सर्वांत वेगाने थंड होते, आणि नेमके तेव्हाच वाढीसाठी स्फटिकांचा पृष्ठभाग सर्वांत कमी असतो. म्हणून आरंभी मंद व शेवटी जलद, असा उलटा क्रम मुद्दाम पाळावा लागतो.

घाईचा दाणा पुढे सूड घेतो. सेंट्रिफ्यूजचे कापड तुंबते, कणांच्या फटींत अशुद्ध मदर लिकर अडकून राहते, ते काढण्यास पुन्हा द्रावक ओतावा लागतो आणि वाळवण लांबते. जास्तीचा द्रावक परत मिळवता आला नाही, तर त्याचा भार सांडपाण्यावर पडतो. आणि रोह्याची कुंडलिका रेवदंड्याच्या खाडीस मिळते, हे नकाशा पाहणाऱ्यास सांगावयास नको. ‘टाकी चार तास अडवून ठेवणे परवडत नाही’ हा लहान कारखानदाराचा आक्षेप अगदीच खोटा नाही. पण वाचविलेले चार तास गाळणीत आणि वाळवणीत किती गेले, हा हिशेब बहुधा कोणी मांडत नाही.

औषधांच्या बाबतीत प्रश्न पैशापुरता राहत नाही. एकच रेणू निरनिराळ्या रचनांचे स्फटिक बनवू शकतो आणि त्यांची विद्राव्यता वेगळी असते. एड्सवरील रिटोनाविर हे औषध १९९६ साली बाजारात आले. १९९८ मध्ये त्याचे कमी विरघळणारे दुसरे स्फटिकरूप अनपेक्षितपणे अवतरले, आणि कॅप्सूल मागे घेण्याची पाळी ॲबट या बलाढ्य कंपनीवर आली. आपल्याकडे इमॅटिनिब मेसिलेटच्या बीटा स्फटिकरूपावर नोव्हार्टिसने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले, हे रुग्णांच्या हिताचेच झाले. परंतु रूपावरील मक्तेदारी नाकारली म्हणून रूपाचे ज्ञान अनावश्यक ठरत नाही. स्वस्त औषध करणाऱ्या भारतीय कारखान्यास तर ते अधिकच हवे. प्रत्येक बॅचमध्ये तेच रूप उतरले, याची खात्री त्यालाच द्यावयाची आहे.

हे ज्ञान आज कोठे आहे? बरेचसे जुन्या ऑपरेटरच्या डोळ्यांत. काचेतून द्रावण गढुळताना पाहून ‘आता बीज टाका’ म्हणणारा माणूस निवृत्त होतो, आणि त्याच्याबरोबर ते फाटकाबाहेर जाते. तळा-माणगावकडील जो तरुण त्याच्या जागी येतो, त्याच्या हाती पडणाऱ्या बॅचपत्रकात पुष्कळदा केवळ ‘थंड करणे’ एवढाच आदेश असतो. किती अंशांपासून, ताशी किती अंशांनी, बीज कोणत्या तापमानास व किती, हे रकाने त्यात हवेत. तापमानाची नोंद ठेवणारे साधे यंत्र आणि शीतजलाची हाताळता येणारी झडप, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. कणांचा आकार चालू टाकीत मोजणारी महागडी उपकरणे मागाहून येऊ द्यावीत.

जवळच लोणेरे येथे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. धाटाव-महाडच्या पाळीवरील कामगारांसाठी तेथे सुटीच्या दिवशी स्फटिकीभवनाचा छोटा मराठी अभ्यासक्रम चालविण्यास अडचण असेल, तर ती कोणती, हे विद्यापीठाने आणि कारखानदारांच्या संघटनांनी एकदा सांगून टाकावे.