फांदीचा अर्ज

झाड तोडायला परवानगी लागते, याबद्दल माझी तक्रार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वृक्षप्रेमी मंडळी माझ्याच फांद्या छाटायला यायची. महाराष्ट्राचा १९७५ चा झाडांचा कायदा चांगलाच आहे. त्यात 'तोडणे' म्हणजे नुसती कुऱ्हाड नव्हे. जाळणे, इजा करणे, सगळं आलं. माझं भांडण आहे ते त्याच्या घड्याळाशी.

आमच्या सोसायटीतल्या गुलमोहराची एक वाळकी फांदी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या खिडकीवर लोंबत होती. मार्चात अर्ज दिला. फोटो, ठराव, फी, सगळं दिलं. मग साहेब पाहणीला येणार! बँकेत बावीस वर्षं काढलेला माणूस मी. 'उद्या या' किती सफाईने म्हणता येतं ते मला ठाऊक आहे. पण तिथल्या बाबूने मलाही लाजवलं. जूनच्या पहिल्याच पावसात फांदी खिडकीसकट खाली आली. तीही विनापरवाना! आजी स्वयंपाकघरात होत्या म्हणून निभावलं. परवानगीचं पत्र ऑगस्टात आलं.

आणि हेच घड्याळ कधी कधी काय पळतं! ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने आरेच्या झाडांच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवलं, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं आडवी. रात्रपाळी लावून! आमच्या आजींची एक फांदी काय जड होती?

२०२१ च्या दुरुस्तीने पन्नाशी गाठलेलं झाड 'हेरिटेज' झालं. शिवाय तोडलेल्या झाडाचं जितकं वय, निदान तितकी रोपं लावायची. ६० वर्षांच्या वडाला ६० रोपं. आम्हा कॉमर्सवाल्यांना हा हिशेब चटकन पटतो, आणि तिथेच आम्ही फसतो. ६० वर्षं मुरलेली ठेव मोडायची, शून्य शिल्लकेची ६० खाती उघडायची आणि टॅली लागली म्हणून हात झटकायचे! त्या खात्यांत पाणी कोण भरतंय, हे बघायला पुढे कोण जातो?

आणि बुंध्यापर्यंत फरशी ठोकून झाडाचा गळा आवळणारे? ती इजा नव्हे? त्यांनी कुणाकडे अर्ज केला?

आमच्या गुलमोहराभोवतीही पेव्हर ब्लॉक आहेत. पार्किंगसाठी. फांदी वाळली ती त्यानंतर. ठराव एकमताने झाला होता. खाली सेक्रेटरी म्हणून सही माझीच आहे.